उतारावर न्यूट्रल: पेट्रोल वाचतं का?

“घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचतं” हा सल्ला बेळगावहून चोर्ला किंवा आंबोली घाटाने खाली जाणाऱ्यांना हमखास मिळतो. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग) जुन्या गाड्यांत त्यात थोडं तथ्य होतं, म्हणूनच तो टिकला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र गणित उलटं आहे.

गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात. इंजिन गरम असेल आणि त्याचे फेरे मिनिटाला साधारण १५०० च्या वर असतील, तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंधन फवारणारे इंजेक्टर बंद करतो. इंधन शून्य! न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावंच लागतं. छोट्या गाडीतही ताशी अर्धा लिटर किंवा जास्त.

डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल तर सोबत्याला बघायला सांगा. मोकळ्या, सौम्य उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढला की आकडा कमाल टोकाला जातो. क्षणभर क्लच दाबला, म्हणजे न्यूट्रलसारखी स्थिती आली, की बऱ्याच गाड्यांत तो खाली येतो.

खरी काळजी ब्रेकची. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं कडक होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

तीव्र उतारावर दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा, तोही उतार सुरू होण्याआधीच टाका. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. थोडा जोर देऊन वेग कमी करा आणि सोडा.