नोंदणीकृत आहारतज्ज्ञ

शरीराची आणि आजाराची गरज मोजून ती रोजच्या ताटात उतरवणारी, त्यासाठीचे शिक्षण, रुग्णालयातील इंटर्नशिप आणि परीक्षा पूर्ण करून व्यावसायिक नोंदवहीत नाव दाखल झालेली व्यक्ती. रुग्णालयात तिला ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) किंवा नुसते ‘डाएटिशियन’ म्हणतात. ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी भारतात वर्षानुवर्षे कोणीही लावत आला. आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स केलेल्याच्या आणि पाच-सहा वर्षे शिकून वॉर्डात राबलेल्याच्या दारावर तीच पाटी दिसते. चुकीच्या सल्ल्याचा जाब कोणाला विचारायचा हे नोंदणीमुळे ठरते, म्हणून रुग्णाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९१७ मध्ये स्थापन झाली आणि नोंदणी १९६९ मध्ये सुरू झाली. भारतात इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३ पासून काम करते. ‘आरडी’ ही परीक्षा तिचे नोंदणी मंडळ घेते. हे व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र आहे, सरकारी परवाना नव्हे. सरकारी नोंदणीचा पाया २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने घातला. त्याच्या परिशिष्टात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या दोन्ही व्यवसायांचा समावेश आहे, आणि राज्य परिषदा व केंद्रीय नोंदवही यांची तरतूद आहे. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. ‘आरडी’ आणि कायद्याखालची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश घेताना कॉलेजच्या माहितीपत्रकात या दोन्हींची सरमिसळ केलेली असेल, तर कोणती पात्रता मिळणार ते लेखी विचारावे.

शिक्षण

बारावी विज्ञान, मग गृहविज्ञानातील ‘फूड अँड न्यूट्रिशन’ किंवा न्यूट्रिशन-डायटेटिक्सची बीएस्सी, त्यानंतर एमएस्सी किंवा डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, असा रूढ मार्ग आहे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतन, नागपुरात एलएडी कॉलेज, पणजीत गोवा गृहविज्ञान महाविद्यालय ही या विषयाची जुनी ठिकाणे. जीवरसायनशास्त्राकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी पुढे हमखास अडतो. यकृत, मूत्रपिंड आणि इन्सुलिन यांचे काम कळले नाही, तर डाएट चार्ट म्हणजे पाठ केलेली यादी होते आणि दोन आजार एकत्र आले की ती यादी कोलमडते.

इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती महिने केली हे आरडी परीक्षेच्या पात्रतेत मोजले जाते. नियम बदलत असल्याने चालू वर्षाचे निकष वाचल्याशिवाय रुग्णालय निवडू नये. देखरेख करणारी व्यक्ती स्वतः पात्र नसेल, तर केलेले महिने फुकट जातात.

इंटर्नचा दिवस सकाळी किचनमध्ये सुरू होतो. रात्रीतून दाखल झालेले रुग्ण, आज शस्त्रक्रिया असलेले, ‘एनबीएम’ म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही असे रुग्ण, यांची वॉर्डवार यादी आधी जुळवावी लागते. इथली एक चूक महागात पडते: वॉर्डने एनबीएम कळवले नाही, ट्रॉलीवरून चहा-बिस्किटे गेली, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. म्हणून निरोपावर न विसंबता यादी केस पेपरशी ताडून पाहतात. किचनमधला वाढायचा डावही मोजून घ्यावा लागतो. कागदावर ‘एक वाटी वरण’ लिहिले आणि ते पातळ असेल, तर ३० ग्रॅम डाळीऐवजी १२ ग्रॅमच पोटात जाते.

कामाचा गाभा

भारतीय आहाराचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवर करतात. त्यांत ५२८ अन्नपदार्थांचे पृथक्करण आहे. या संस्थेची सुरुवात १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरी या थायमिनच्या (जीवनसत्त्व बी-१) अभावाने होणाऱ्या आजाराच्या संशोधनाने झाली. तक्त्यातले आकडे बहुतांशी कच्च्या पदार्थाचे असतात. शिजलेल्या भाताचे वजन करून तांदळाचा आकडा लावला, तर हिशेब दुपटी-तिपटीने फसतो. नवशिक्याची ही सर्वांत सामान्य चूक आहे. दुसरी चूक ‘चार पोळ्या’ असे लिहून घेण्याची. एका घरची पोळी २५ ग्रॅम कणकेची असते, दुसऱ्या घरची ४५ ग्रॅमची. २४ तासांचा आहार विचारताना ‘महिन्याला कणीक किती संपते, खाणारे किती, तेलाचा डबा किती दिवस पुरतो’ हे विचारले की खरे चित्र हाती येते.

उदाहरणादाखल ६० किलो वजनाचा मूत्रपिंडविकाराचा रुग्ण घेऊ. डायलिसिस सुरू होण्याआधी त्याला दिवसाला किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिने सांगितलेली असतात. हेमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) सुरू झाल्यावर गरज १ ते १.२ ग्रॅमवर, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅमवर जाते. घरात मात्र जुनाच कागद फ्रिजवर चिकटवलेला राहतो. रुग्ण सुकत जातो आणि नातेवाईक त्याचा दोष डायलिसिसला देतात. पहिल्या भेटीतच तो जुना कागद काढून टाकायला सांगणे हे डाएटिशियनचे काम.

नवे ताट असे बसते: प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून १२ ग्रॅम, ६० ग्रॅम तांदळातून जेमतेम ५, तीस ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा, २०० मिली दुधातून तेवढीच, चार अंड्यांच्या पांढऱ्या भागातून १४ आणि १०० ग्रॅम सुरमईतून सुमारे २०. बेरीज ६४ ग्रॅम. मग श्रावण लागतो, अंडी-मासळी बंद होते आणि ताटातून ३४ ग्रॅम एकदम जातात. त्यात सोमवारचा उपवास आला की साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात प्रथिने नावालाच आणि जोडीला बटाट्याचे पोटॅशियम, जे बिघडलेल्या मूत्रपिंडांना पुरेसे बाहेर टाकता येत नाही. शंभर ग्रॅम पनीरने १८-१९ ग्रॅम भरून निघतात, पण पोटॅशियमसारखाच शरीरात साठून राहणारा फॉस्फरस वाढतो, म्हणून फॉस्फेट कमी करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे लागते. हे बोलणे आषाढातच व्हायला हवे. भेटायला येणाऱ्यांनी आणलेले शहाळे अशा रुग्णाला पोटॅशियममुळे थेट हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते, हेही घरच्यांना स्पष्ट सांगावे.

उपासमारीनंतरचा आहार हा तितकाच नाजूक विषय. दहा दिवस अन्न न गेलेल्या ४५ किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी भरपेट दिले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरतात आणि जीव धोक्यात येतो. म्हणून थायमिन आधी देऊन, किलोमागे १० ते २० कॅलरी, म्हणजे ४५० ते ९०० कॅलरींवर सुरुवात करतात आणि रक्ततपासणी पाहत वाढवतात. मेळघाट किंवा नंदुरबारसारख्या भागांतील पोषण पुनर्वसन केंद्रांत हेच तत्त्व मुलांसाठी वापरतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. दाखल केलेल्या मुलाला आधी एफ-७५ हे १०० मिलीमध्ये ७५ कॅलरी देणारे पातळ दूध, किलोमागे दिवसाला १३० मिली. सहा किलोच्या मुलाला दिवसाचे ७८० मिली, दर दोन तासांनी ६५ मिली, रात्रीसुद्धा. रात्रीची पाळी चुकली की साखर उतरते आणि अंग गार पडते. मूल स्थिरावून भूक परतली की एफ-१०० या १०० मिलीमध्ये १०० कॅलरी देणाऱ्या दुधाकडे वळतात. आई ‘अजून द्या’ म्हणते तेव्हा तिला थांबवणे अवघड असते, पण कारण समजावून थांबवावेच लागते.

नळीवाटे आहाराचे नियम छोटे आणि काटेकोर आहेत. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, फीड (नळीतून द्यायचे पातळ अन्न) दिल्यावर नळी पाण्याने धुणे, उघडे तयार फीड चार तासांहून जास्त न टांगणे. फीडमध्ये गोळ्यांची पूड मिसळली की नळी तुंबते.

औषध बंद करणे किंवा इन्सुलिनचे युनिट बदलणे आहारतज्ज्ञाच्या अधिकारात येत नाही. मात्र जेवणातील कार्बोहायड्रेट निम्मे करून इन्सुलिन तेवढेच राहू दिले, तर साखर धोकादायक उतरते. त्यामुळे आहार बदलताना केस पेपरवर नोंद आणि डॉक्टरांना फोन, दोन्ही हवे.

परदेशात

भारतातील ‘आरडी’ परदेशात आपोआप चालत नाही. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे पदनाम कायद्याने संरक्षित असून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणी लागते. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी बंधनकारक झाली. भारतीय पदवीचे आधी मूल्यांकन होते आणि देखरेखीखालील प्रशिक्षण बहुधा तिथे पुन्हा करावे लागते. दोन्हीकडे विषयवार अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकांचे तास मागतात. विद्यापीठाचा शिक्का असलेली अभ्यासक्रमाची प्रत आणि वॉर्डवार तासांची सही केलेली इंटर्नशिप डायरी कॉलेज सोडतानाच घ्यावी. दहा वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो आणि सही करणारे निवृत्त झालेले असतात.