गडगडाटी ढगापासून 37 किलोमीटर

21 मे 2025 रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडलं. पुढ्यातला ढग वैमानिकांना रडारवर दिसत होता. डावीकडे, पाकिस्तानच्या सीमेच्या बाजूला वळायची परवानगी त्यांनी मागितली, ती मिळाली नाही. लाहोरच्या नियंत्रकांनीही नकार दिला. परत फिरावं तर ढग फार जवळ आला होता, म्हणून त्यांनी विमान त्यातूनच नेलं. आत शिरल्यावर ऑटोपायलट सुटला आणि एका क्षणी विमान मिनिटाला 8,500 फूट वेगाने खाली जात होतं. ते श्रीनगरला सुखरूप उतरलं, पण गारांनी त्याचं नाक फुटलं होतं.

ढग दिसला की वळू द्या, असा हट्ट वैमानिक धरतात तो भित्रेपणातून नव्हे. त्यामागे ऐंशी वर्षांचा अभ्यास आहे, आणि तो मुख्यतः अपघातांनी शिकवलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत वादळी ढगाच्या पोटात नेमकं काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 1946 मध्ये फ्लोरिडात आणि 1947 मध्ये ओहायोत अमेरिकेने ते मुद्दाम शोधून काढलं. शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स या प्रकल्पाचे प्रमुख होते. युद्धातली ‘ब्लॅक विडो’ लढाऊ विमानं वेगवेगळ्या उंचीवरून एकाच वेळी ढगात घुसवली गेली. त्यातून कळलं की एकाच ढगात वर चढणारे आणि खाली कोसळणारे झोत शेजारी शेजारी असतात, आणि पावसाबरोबर उतरणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व विमान कंपन्यांच्या लक्षात यायला पुढची तीन दशकं लागली.

आपल्याकडचा धडा 2 मे 1953 चा. जगातल्या पहिल्या जेट प्रवासी सेवेला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होतं. दिल्लीकडे निघालेलं बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट विमान कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडालं आणि काही मिनिटांतच कालबैसाखीच्या, म्हणजे बंगालमधल्या वळवाच्या वादळात हवेतच मोडलं. विमानातले 43 जण गेले. पुढच्या वर्षी आणखी दोन कॉमेट कोसळली. त्यांच्या तपासात धातूचा थकवा हे कारण निघालं आणि चर्चा तिकडे वळली. बंगालच्या वळवाने नव्या जेटला दिलेला इशारा त्यात मागे पडला, असं मला वाटतं.

त्याच दशकात विमानांच्या नाकात हवामान रडार आलं आणि एक घातक गैरसमज रुजला: रडार ढगांमधली वाट दाखवतं. 4 एप्रिल 1977 रोजी अमेरिकेत जॉर्जियावरून जाणाऱ्या सदर्न एअरवेजच्या डीसी-9 च्या वैमानिकांना पडद्यावर मोकळी जागा दिसली. प्रत्यक्षात तिथला पाऊस इतका दाट होता की रडारच्या लहरी त्यातच विरून गेल्या होत्या. पाणी आणि गारा गिळून दोन्ही इंजिनं बंद पडली. न्यू होप गावातल्या रस्त्यावर विमान उतरवण्याच्या प्रयत्नात 72 जणांचा जीव गेला, त्यातले 9 जमिनीवरचे होते.

या इतिहासातला सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता. 1945 मध्ये तो जपानमध्ये कोकुराजवळ शिकवत होता. दुसरा अणुबॉम्ब कोकुरावर पडायचा होता. तिथे लक्ष्य झाकलेलं होतं म्हणून तो नागासाकीवर गेला. नंतर फुजिताने नागासाकीची पाहणी केली, तेव्हा केंद्रापासून सर्व दिशांना आडवी झालेली झाडं त्याला दिसली. पुढे सेफुरी डोंगरावरच्या एका वादळाचा त्याने अभ्यास केला आणि तो लेख बायर्सकडे पाठवला. बायर्सने त्याला शिकागोला बोलावलं.

24 जून 1975 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं बोइंग 727 कोसळून 113 जण मेले. तपासात फुजिताला तोच चहूकडे फाकणारा वारा दिसला. ढगातून एक अरुंद झोत खाली आपटतो, असं त्याने मांडलं. या झोताच्या लहान प्रकाराला पुढे मायक्रोबर्स्ट म्हणू लागले. अनेक हवामानतज्ज्ञांनी ते मानलं नाही. मग फुजिताने 1978 मध्ये शिकागोजवळ आणि 1982 मध्ये डेन्व्हरजवळ सहकाऱ्यांसह मोजमापं घेऊन पुरावा उभा केला.

हा झोत वैमानिकाला फसवतो. आधी समोरून जोराचा वारा लागतो, विमानाचा वेग वाढतो, म्हणून तो इंजिनाची शक्ती कमी करतो. लगेच वरून दाब येतो, पाठोपाठ वारा मागून लागतो आणि विमानाला उचलून धरणारा वेगच नाहीसा होतो. जमीन मात्र काहीशे फुटांवर असते. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलसमध्ये डेल्टा कंपनीच्या ट्रायस्टार विमानाचं हेच झालं आणि 137 जण गेले. त्यानंतर हालचाल झाली. धावपट्टीजवळ वाऱ्याचा वेग मोजणारी डॉप्लर रडार आली, सिम्युलेटरवर सराव सुरू झाला, आणि पुढचा विंड शिअर, म्हणजे वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलणं, आधीच ओळखणारं रडार घेऊन 1994 च्या अखेरीस प्रवासी विमानं उडू लागली.

उतरतानाचा धोका यामुळे पुष्कळ कमी झाला. वाटेतल्या ढगावर मात्र उपाय एकच, तो टाळणं. तीव्र वादळापासून किमान 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर, दूर राहावं असं मार्गदर्शक सूत्र आहे. भारतात वरून जाणं बहुधा जमत नाही, कारण इथले ढग 15 किलोमीटरच्याही वर जातात आणि प्रवासी विमान साधारण 12 किलोमीटरपर्यंत. ढगाचा माथा बर्फकणांचा असल्याने रडारवर तो फिका दिसतो, ही वेगळी अडचण. 1 मे 2022 रोजी मुंबईहून बंगालमधल्या दुर्गापूरला उतरणारं स्पाइसजेटचं विमान वादळात सापडून अनेक प्रवासी जखमी झाले, तेव्हा महिना कालबैसाखीचाच होता.

म्हणून वळण्यासाठी मोकळं आकाश लागतं आणि इंधनही लागतं. पावसाळ्यात मुंबईला येणारी विमानं घिरट्या घालायला, वेळ पडल्यास अहमदाबाद किंवा हैदराबादला जायला पुरेल एवढं इंधन बरोबर घेऊन निघतात.