जड भिंत आणि उष्णतारोधक भिंत

आपलं रान जपण्यासाठी गावकरी विजेची तार न पोचणाऱ्या जागी पर्यटक पाहुण्यांसाठी झोपड्या बांधायला निघाले की एक सल्ला हमखास मिळतो: मातीची जाड भिंत घाला, आत ना ऊन लागणार ना थंडी. या सल्ल्यात दोन वेगळ्या गुणांची गल्लत आहे.

माती उष्णता अडवत नाही, ती पिऊन ठेवते. 30 सेंटीमीटर जाडीच्या भिंतीतून दिवसाची ऊब आत पोचायला 8-10 तास लागतात. रात्री आतून तळहात लावून पाहा, भिंत कोमट लागते. दिवस भाजून काढणारा आणि रात्र गार असेल, तिथे हे वरदानच.

उष्णतारोधक भिंतीचं काम निराळं. पेंढा, गवत, लोकर यांच्यात कोंडलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. निव्वळ अडवण्यात 30 सेंटीमीटर मातीची बरोबरी दोन-तीन सेंटीमीटर पेंढा करतो. मात्र तो कोरडाच हवा. भिजला की हवेची जागा पाणी घेतं आणि गुण संपला. म्हणून जोतं उंच ठेवायचं आणि छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढायचं.

दमट हवेत, जिथे रात्रही दिवसासारखीच उकडते, तिथे जड भिंत नकोच. हलक्या भिंती, आरपार वारा आणि छपराला रोधक थर पुरे.

खरी चूक होते ती थंड मुलखात. पाहुण्यांची झोपडी घरासारखी रोज नांदती नसते. आठवडाभर रिकामी, गारठलेली. दमून आलेली माणसं शेगडी पेटवतात आणि पहिले कित्येक तास लाकडं भिंत तापवण्यातच जातात. सकाळी पाहुणे निघून गेले तरी भिंत ती ऊब रिकाम्या खोलीला देत बसते. ते सरपण गावाच्याच रानातलं असतं, आणि ते रानच जपायला हा सगळा खटाटोप आहे! अशा ठिकाणी रोधक थर आतल्या बाजूला हवा, म्हणजे खोली लवकर तापते. वर्दळ रोजची असेल तर उलट: रोधक बाहेर, माती आत.

त्यामुळे भिंतीची जाडी ठरवण्याआधी मी विचारते, झोपडीत सलग किती रात्री माणसं राहणार आहेत? बांधून झालेली दगडमातीची झोपडी पाडायची गरज नाही. आतून दाबलेल्या पेंढ्याचा थर देऊन वर मातीचं लिंपण करता येतं. प्लास्टिकचा कागद मात्र त्यात घालू नका. भिंतीतली ओल अडकून पेंढा कुजतो.