वजन उतरतंय, पण कशाचं?

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही भूक आवरणारी इंजेक्शनं 2025 पासून वजन कमी करण्यासाठी आपल्याकडेही मिळू लागली. आकडा खाली आला की मंडळी खूश. पण काट्याला चरबी गेली काय नि स्नायू गेले काय, सारखंच. काय जाणार हे ठरवण्यात झोपेचाही हात असतो, आणि डॉक्टरांकडच्या घाईत तिची चौकशी सहसा राहूनच जाते.

शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. माणसं जेमतेम 10, औषध नाही, फक्त मोजून कमी जेवण. 14 दिवस साडेआठ तास झोपायची मुभा, आणि वेगळ्या 14 दिवसांत फक्त साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन साधारण 3 किलोच उतरलं. मात्र पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत 0.6. बाकीची घट चरबीची नव्हतीच. त्यात स्नायूही आले.

प्रयोग लहान आहे, मान्य. तरी आपण तो मनावर घ्यायला हवा, कारण आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळात कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! इंजेक्शनवर उतरणाऱ्या वजनातही काही वाटा स्नायूंचा असतोच. त्यात रोजचं जागरण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

शिवाय भूक. झोप मोडली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं. म्हणजे औषध एकीकडे ओढतं, जागरण दुसरीकडे. शिकागोतच कमी झोपणाऱ्या 80 जणांवर झालेला अभ्यास 2022 मध्ये आला. पथ्य काही नाही, फक्त झोपेच्या सवयींबद्दल सल्ला. झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली, तर खाणं नेहमीसारखंच कमी झोपणाऱ्यांच्या तुलनेत रोज सुमारे 270 कॅलरींनी कमी भरलं. दोन-अडीच पोळ्या झाल्या की!

व्यवहारात अडचण येते ती रात्रीच्या जेवणाची. या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं. दहाला पानावर बसून साडेदहाला आडवं झालं, की आंबट ढेकर, छातीत जळजळ आणि मध्यरात्री उठून बसणं. डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत हे जास्त जाणवतं. आठच्या आत, थोडं आणि कमी तेलकट जेवलं तर बऱ्याच जणांची रात्र सुधारते. मग आठवड्याच्या सुट्टीला दुपारी तीन तास ताणून देण्याची वेळ येत नाही.

घोरणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. झोपेत श्वास अडकत असेल, तर आठ तास अंथरुणात काढूनही झोप पुरत नाही. लठ्ठपणासोबत हा त्रास मध्यम ते तीव्र असेल, तर त्यासाठी टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. वजन उतरलं की श्वास अडकणं कमी होतं, हे खरं. पण घोरणं थांबलं म्हणून झोपेत हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं यंत्र आपल्या मनानं माळ्यावर टाकू नये. आधी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी.