कुत्र्याच्या घराला शब्द का नव्हता?

गाय–गोठा, कोंबडी–खुराडं, कबुतर–ढाबळ, घोडा–तबेला. 'प्राण्यांची घरे' पाठ करताना सगळं सुरळीत चालतं आणि कुत्र्यापाशी येऊन अडतं. मग कुणी 'घर' लिहून मोकळं होतं, कुणी 'पिंजरा'.

गोठा काय, खुराडं काय, मेंढ्यांचा वाडा काय, या जनावर आत घालून दार लावायच्या जागा. कुत्रं राखणीचं. ते दाराबाहेरच हवं. निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांत ते ट्रॉलीखाली, कांदाचाळीच्या आडोशाला, नाहीतर पडवीतल्या बारदानावर पडायचं. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की चुलीतली कोमट राख त्याचीच. पहाटे अंग झाडलं की आधी राखेचा लोट दिसणार, मग कुत्रं.

'केनेल' आलं ते साहेबाबरोबर. मूळ लॅटिन 'कॅनिस', म्हणजे कुत्रा, फ्रेंचमार्गे इंग्रजीत. आपल्या देवळालीच्या छावणीवरून इंग्रजीने 'डूलॅली' हा वेडसर माणसासाठीचा शब्द नेला, तेव्हा फिटंफाट म्हणायची. 'श्वानगृह' मात्र पाटीवरच राहिलं. घरात ते कुणी बोलत नाही.

मळ्यात खरा फरक पाडला तो बिबट्याने. उसात तो मुक्कामी राहू लागला आणि ओट्यावरचं कुत्रं त्याला आयतं सापडू लागलं. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून आता कोपऱ्यात अँगल आणि जाळी वेल्डिंग करून घेतलेला पिंजरा असतो. वर पत्रा, खाली गोणपाट. वनखाते बिबट्यासाठी लावतं तोही पिंजराच. रात्री राखणदार आत आणि चोर बाहेर, असा हा उलटा कारभार.

शहरातला शब्द वेगळ्या वाटेने आला. २००१ च्या केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्याला पकडायचं, नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि उचललं तिथेच सोडायचं ठरवलं. २०२३ च्या नव्या नियमांतही तेच. म्हणजे कोंडणं चार दिवसांचं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला आणि 'निवारा केंद्र' बातम्यांत रुळलं.

मळ्यात मात्र अजून नामावाचून भागतं. जेवणं आटोपली की आतून आजी विचारते, "कुत्रं कोंडलं का रे?"