ठरवून प्रार्थना आणि प्रार्थनेतून ठरवणं

पुढच्या वर्षी चर्चच्या मंडळीने कोणती सेवा हाती घ्यायची, हे ठरवायला कमिटी बसते. पाळकसाहेब बायबलमधलं वचन वाचतात, मंडळीच्या वडीलजनांपैकी एक जण प्रार्थना करतात. मग विषय मांडले जातात, हात वर होतात, ठराव लिहिला जातो आणि ‘प्रभो, हे काम तुझ्या हाती देतो’ म्हणून सभा संपते. याला आपण प्रार्थनापूर्वक घेतलेला निर्णय म्हणतो. खरं तर प्रार्थना सभेच्या सुरुवातीला झाली आणि शेवटी झाली. मधल्या दीड तासात, म्हणजे प्रत्यक्ष ठरवताना, देवाला कुणी काही विचारलंच नाही.

ठरवलेल्या कामावर आशीर्वाद मागणं वेगळं आणि आम्ही काय करावं हे देवाला विचारणं वेगळं. दोन्हींत उपास असतो, गुडघे टेकलेले असतात, डोळ्यांत पाणीही असतं, म्हणून गल्लत होते.

आशीर्वाद मागण्यात चूक काहीच नाही. चर्चचं छत गळत असेल तर गवंडी बोलवावा आणि काम नीट व्हावं म्हणून प्रार्थना करावी. त्यासाठी देवाची इच्छा शोधत बसायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. अशा वेळी ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी धावून जायचं की नाही, हा प्रश्नच नसतो. प्रश्न येतो पुढे, मदतीच्या गाड्या यायच्या थांबल्यावर. आता आमच्या मंडळीने इथे कुणाजवळ राहायचं, किती दिवस, काय घेऊन? ते मात्र विचारावं लागतं.

या दोन्हींतला फरक बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 42 व्या अध्यायाइतका स्वच्छ मला दुसरीकडे दिसत नाही. यरुशलेम पडलं होतं, बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाला होता, आणि योहानान नावाचा सेनानायक उरलेले लोक घेऊन मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाटेला लागला होता. बेथलेहेमाजवळ मुक्काम पडलेला असताना ते यिर्मयाला म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर. उत्तर बरं असो वा वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आलं : इथेच राहा, मिसरात जाऊ नका. लगेच ते म्हणाले, तू खोटं बोलतोस. त्यांचे शब्द विचारणाऱ्याचे होते, पण मन आधीच मिसरात पोचलं होतं.

म्हणून मंडळीने पहिल्यांदा एवढंच तपासावं : आज ‘नाही’ असं उत्तर आलं तर आपण थांबणार आहोत का? वर्गणी गोळा झालेली, पाहुणे ठरलेले, पत्रिका छापलेली असेल तर थांबणं जवळजवळ अशक्य असतं. मग आपण आशीर्वादच मागत आहोत, हे मोकळेपणाने कबूल करावं. चांगल्या हेतूलाही ‘नाही’ येऊ शकतं. दावीद राजाला मंदिर बांधायचं होतं, नाथान संदेष्ट्याने तत्काळ होकार दिला, आणि त्याच रात्री देवाने नाथानला वेगळा निरोप देऊन परत पाठवलं. प्रेषित पौलालाही आसिया प्रांतात वचन सांगण्यापासून आणि मग बिथुनियात जाण्यापासून अडवलं गेलं. मासेदोनियाला ये, असं दर्शन झालं ते त्यानंतर, त्रोवस शहरात.

दुसरी तपासणी मला जास्त महत्त्वाची वाटते. विचारताना सभेत कोण आहे? बीड जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली मंडळी डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. डिसेंबरमध्ये कमिटी बसते ती नाताळाची उपस्थिती आणि पुढच्या वर्षीची सेवा ठरवायला. ‘प्रभो, लोकांना तुझ्या मंदिरात आण’ अशी प्रार्थना होते, आणि त्याच वेळी मंडळीतली कितीतरी माणसं फडात मोळ्या बांधत असतात. त्यांची मुलं मागे आजीजवळ असतात, नाहीतर फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, लहान भावंडाला सांभाळत. त्या आजीला कुणी विचारलं का, रात्री पोरं जेवतात काय, शाळेत जातात का? बायबलमधल्या नहेम्याने आधी महिनोन्महिने प्रार्थना केली आणि यरुशलेमला पोचल्यावर रात्री स्वतः फिरून पडलेला कोट पाहिला. घरोघर जाऊन पाहणं हाही प्रार्थनेचाच भाग आहे. त्यानंतर मंडळीच्या मनावर कदाचित त्या मुलांचं ओझं येईल, कदाचित नाही. पण डिसेंबरमध्येच ठरवायचं की माणसं परतल्यावर मे महिन्यात, हा प्रश्न तरी नक्की पुढे येईल.

रीत म्हणाल तर ऑक्टोबर 2023 आणि 2024 मध्ये रोमला भरलेल्या कॅथलिक सिनॉडची, म्हणजे बिशप आणि इतर प्रतिनिधींच्या सभेची, पद्धत कुठल्याही मंडळीला जमण्यासारखी आहे. गोल टेबलाभोवती बसून प्रत्येकाने प्रार्थनेत जे सुचलं ते सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा रेटायचा नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं तेवढंच सांगायचं. पुन्हा शांतता, आणि मग मिळून पुढची दिशा शोधायची. आपल्याला मोठ्याने प्रार्थना करायची सवय आहे, शांतता झाली की कुणीतरी लगेच गीत सुरू करतं. ती शांतता थोडी धरून ठेवावी. एरवी न बोलणारी एखादी ताई दुसऱ्या फेरीत बोलते, आणि अनेकदा तिथेच विषयाला वळण लागतं.

यानंतरही मतं जुळली नाहीत तर सेवेच्या प्रश्नावर लगेच मतदान घेऊ नये. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्या मत मोजतच नाहीत. सभेचा कल स्पष्ट होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीवर ठेवतात. निवडणूक, हिशेब, मालमत्ता यांना मंडळीच्या घटनेप्रमाणे मतदान लागतं, ते तसंच करावं. बाकीचं नोंदवहीत ‘अजून स्पष्ट नाही’ असं लिहून महिनाभराने पुन्हा घ्यावं, आणि तोवर ज्या दोघा-तिघांचा विरोध आहे त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत प्रार्थना करावी.