सी भाषेतील नेस्टेड एक्सएमएल

एकमेकांच्या पोटात बसवलेल्या टॅगांत (माहितीचा भाग कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे दाखवणाऱ्या खुणांत) मांडलेली माहिती सी प्रोग्रॅममध्ये तयार करण्याची, वाचण्याची आणि बदलण्याची पद्धत. एक्सएमएल म्हणजे अशा टॅगांत माहिती लिहिण्याची पद्धत. एक्सएमएल १.० ही वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी आली. सी भाषा त्याहून सुमारे पाव शतक जुनी. सीच्या प्रमाणित लायब्ररीत एक्सएमएलची सोय नाही, ती बाहेरून जोडावी लागते. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पासाठी डॅनियल वेयार यांनी लिहिलेली लिबएक्सएमएल२ आणि जेम्स क्लार्क यांची एक्सपॅट या लायब्रऱ्या सर्वाधिक रूढ आहेत.

मराठवाड्याची प्रशासकीय उतरंड हे नेस्टिंगचे, म्हणजे एकात एक बसवण्याचे, सोपे उदाहरण:

<विभाग>
  <जिल्हा नाव="लातूर">
    <तालुका नाव="औसा">
      <गाव>किल्लारी</गाव>
    </तालुका>
  </जिल्हा>
</विभाग>

टॅगांची नावे देवनागरीत चालतात. मात्र ठिकाणाचे नावच टॅग करू नये. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. ‘उस्मानाबाद’ असा टॅग शोधणारा प्रोग्रॅम त्या दिवशी निकामी ठरला असता. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (वरच्या नाव="लातूर" सारख्या, टॅगच्या आतल्या गुणधर्मात) ठेवलेले नाव बदलले तरी रचनेला धक्का लागत नाही. शिवाय प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यावा: नुसत्या ‘शिरूर’वरून लातूरचे शिरूर अनंतपाळ की बीडचे शिरूर कासार, हे ठरत नाही.

लिबएक्सएमएल२ मध्ये प्रत्येक टॅग म्हणजे एक नोड, आणि नोड हे सीमधले एक स्ट्रक्चर (अनेक मूल्ये एकत्र ठेवणारा प्रकार) असते. त्यात पालक, पहिले मूल, शेवटचे मूल, पुढचे आणि मागचे भावंड असे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) असतात. लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटकात पुढच्याचा पत्ता असलेली साखळी) समजलेल्या विद्यार्थ्याला यात नवे फारसे काही नाही. भावंडांची यादी लिंक्ड लिस्टच असते. मूळ नोड बनवून तो दस्तऐवजाला जोडायचा, मग एक्सएमएल-न्यू-चाइल्ड या फंक्शनने मुले घालत जायचे. हे फंक्शन नव्या नोडचा पॉइंटर परत देते, तोच पुढच्या पातळीचा पालक. मजकुरात ‘बियाणे & खते’ यासारखे चिन्ह येणार असेल तर मात्र एक्सएमएल-न्यू-टेक्स्ट-चाइल्ड वापरावे; ते चिन्हाची योग्य सांकेतिक नोंद आपोआप करते, पहिले करत नाही.

नवशिक्यांची फसगत बहुधा वाचताना होते. वरच्या फाइलमध्ये ‘विभाग’ची मुले किती? डोळ्यांना एक दिसते, पार्सरला (फाइल वाचून तिचे भाग वेगळे करणाऱ्या कोडला) तीन. टॅगांमधली नवी ओळ आणि मोकळी जागा हेही मजकुराचे नोड धरले जातात, त्यामुळे पहिले मूल ‘जिल्हा’ नसून कोरी जागा असते. म्हणून लूपमध्ये नोडचा प्रकार तपासूनच पुढे जावे. फाइल उघडताना कोरे नोड वगळण्याचा पर्याय देता येतो, पण तपासणीची सवय अधिक भरवशाची. खोली आधी ठाऊक नसेल तर रिकर्शन सोयीचे: फंक्शनने नोड हाताळावा आणि त्याच्या मुलांसाठी स्वतःलाच बोलवावे.

मजकूर आतून यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) राहतो आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘औसा’ला ९ बाइट लागतात, ‘किल्लारी’ला २४, शेवटचा शून्य बाइट वेगळा. अक्षरे मोजून अ‍ॅरेचा आकार ठरवणाऱ्याची मेमरी इथेच फुटते. फाइल जतन करताना एन्कोडिंग स्पष्ट द्यावे. लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या ते न दिल्यास मराठी अक्षरांऐवजी आकडी संकेत लिहितात. फाइल चुकीची नसते, पण माणसाला वाचवत नाही.

नोडची जागा बदलणे हा या विषयातला खरा कस. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जुन्या यादीत हा बदल करायचा तर वसमत, कळमनुरी असे तालुक्यांचे नोड आधी परभणीतून सोडवायचे आणि मग हिंगोलीखाली जोडायचे. तालुका हलला की त्यातली सगळी गावे सोबत येतात. लूपमध्ये हे करताना पुढच्या भावंडाचा पॉइंटर आधीच बाजूला ठेवावा, कारण नोड सुटताच त्याचा दुवा तुटतो आणि लूप अर्ध्यावर थांबतो किंवा भलतीकडेच जातो.

सुटलेला नोड पुन्हा जोडला नाही तर त्याची मेमरी स्वतंत्रपणे मोकळी करावी लागते. एक्सएमएल-फ्री-डॉक संपूर्ण वृक्ष, म्हणजे दस्तऐवजातली सगळी नोडांची उतरंड, मोकळा करते, पण वृक्षाला जोडलेल्या नोडांपुरतेच. अ‍ॅट्रिब्यूट किंवा मजकूर मागितल्यावर मिळणारी स्ट्रिंग ही वेगळी प्रत असते, तीही एक्सएमएल-फ्रीने परत करायची.

फाइल फार मोठी असेल तर पूर्ण वृक्ष मेमरीत घेणे परवडत नाही. तेव्हा एक्सपॅटसारखा क्रमाने वाचणारा पार्सर वापरतात. टॅग सुरू झाला, मजकूर आला, टॅग संपला, असे तो क्रमाने कळवत जातो. आपण कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या तालुक्यात आहोत, याचा हिशेब प्रोग्रॅमनेच स्टॅकमध्ये (शेवटी ठेवलेले आधी निघते अशा यादीत) ठेवायचा असतो. लिबएक्सएमएल२ नेस्टिंगला मुळात २५६ पातळ्यांची मर्यादा घालते. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलबाबत कारण नसताना ती काढू नये.